टेक्सासमधलं रानडुक्कर: सोलणं, थंड करणं, शिजवणं यात नेमकी काय काळजी घ्यायची?

ब्राझोसकाठ

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. ओळखीच्या एका रँचवाल्याकडे रानडुकरांनी कुरणं पार उखणून ठेवली आहेत. तो पिंजरे लावून डुकरं धरतो आणि तिथेच गोळी घालतो. येत्या शनिवारी सकाळी ऐंशीएक पौंडांचं एक डुक्कर देतो म्हणतोय, पण सोलून, कापून आम्हालाच न्यायचं आहे. बकऱ्याचे फरे घरी सोडवायची सवय आहे, अख्खं जनावर हाताळायची नाही. हवा अजून गरम आहे, दुपारी ८५ फॅरनहाइटच्या वर जाते.

माझे प्रश्न:
१. हे मांस मुळात खाण्याजोगं असतं का? याला परवाना वगैरे लागतो का?
२. सोलताना कोणते रोग लागू शकतात?
३. महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवलं की जंत मरतात असं ऐकलं. खरं का?
४. उग्र वास येतो म्हणतात, त्याचं काय करायचं?
५. काळीज वापरावं का? आणि घरच्या कुत्र्याला हाडं दिली तर चालतील का?

गोठा_ते_ताट

पशुवैद्यक क्षेत्रातला आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

नीट शिजवलेलं रानडुकराचं मांस खायला हरकत नाही. माणसाला बाधा होते ती बहुतेक वेळा ताटात येण्याच्या आधी: सोलताना, पोट फाडताना, ओट्यावर तुकडे करताना. सगळ्यात जपायचं ते ब्रुसेलोसिसपासून. ब्रुसेला सुइस नावाचा जिवाणू डुकराच्या रक्तात, लसीकाग्रंथींत, प्लीहेत आणि सर्वांत जास्त जननेंद्रियांत असतो. वृषण, गर्भाशय, गर्भजल ही त्याची मुख्य घरं. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून किंवा श्वासावाटे तो शरीरात शिरतो. अमेरिकेत २००७-०८ मध्ये तीन राज्यांत रानडुकरांची शिकार केलेल्यांना हा आजार झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली होती. डुक्कर धडधाकट दिसत होतं, याला काही अर्थ नाही. बाधा झालेली बहुतेक डुकरं धडधाकटच दिसतात.

बाकी यादीत लेप्टोस्पायरा (लघवीतून), टुलारेमिया, साल्मोनेला, हिपॅटायटिस ई, टॉक्सोप्लाझ्मा आणि स्नायूंत दडून बसणारा ट्रायकिनेला हा जंत. घरात कोणी गरोदर असेल तर तिने कच्च्या मांसाला हातच लावू नये. ब्रुसेला आणि टॉक्सोप्लाझ्मा दोन्ही पोटातल्या बाळाला घातक आहेत.

अंगावर काय असावं: नायट्राइलचे हातमोजे, एकावर एक दोन जोड. पोट फाडणार असाल तर खाली खांद्यापर्यंतचे लांब प्लास्टिकचे मोजे. डोळ्यांना साधा गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी बूट. हातावर खरचटलेलं असेल तर आधी जलरोधक पट्टी लावून घ्या. काम चालू असताना खाणं-पिणं-सिगारेट बंद आणि खिशातला फोनही बंद. हे मुद्दाम लिहितोय. माणसं मोजे घालतात, मग त्याच रक्ताळलेल्या मोज्याने फोन काढून फोटो घेतात, आणि संध्याकाळी तोच फोन गालाला लावतात.

पाण्याचा जोरदार फवारा पोटाच्या पोकळीत मारू नका आणि हाड कापायला विजेची करवत वापरू नका. दोन्हींमुळे बारीक तुषार उडतात आणि ते नाकात जातात. मोजा फाटून सुरी लागली तर काम तिथेच थांबवून भरपूर साबण-पाण्याने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

तारीख कशासाठी, तर ब्रुसेलोसिसची लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, कधी कधी काही महिन्यांनीही. चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, सांधे आणि कंबर दुखणं, कमालीचा थकवा. डॉक्टरांना फ्लू वाटतो. तेव्हा आपण होऊन सांगायचं, "अमुक तारखेला मी रानडुक्कर सोललं होतं." रक्ताचं कल्चर पाठवणार असतील तर प्रयोगशाळेलाही ब्रुसेलाचा संशय आहे हे कळवायला सांगा, कारण हा जिवाणू तिथल्या तंत्रज्ञांनाही बाधतो. औषध आहे, पण दोन प्रतिजैविकं मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर आजार उलटतो.

कुत्र्याला कच्चं मांस, हाडं, आतडी काहीही नाही. रानडुकरांत स्यूडोरेबीजचा विषाणू असतो. माणसाला तो सहसा काही करत नाही, कुत्रा मात्र एकदोन दिवसांत दगावतो आणि त्यावर इलाज नाही. कुत्र्याला शनिवारी घरीच ठेवा.

सुरा_ठोकळा

वर लिहिलंय ते सगळं पाळायचंच. आता सोलण्याचं.

परवान्याचं आधी उरकतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. सरकारी जमिनीवर लागतो. दोन गोष्टी मात्र चालत नाहीत. जिवंत डुक्कर गाडीत घालून घरी न्यायचं नाही, त्याची ने-आण नियमांत जखडलेली आहे. आणि असं मारलेलं मांस विकायचं नाही, मित्रमंडळींकडून वर्गणी काढूनसुद्धा नाही. दुकानात 'वाइल्ड बोअर' म्हणून मिळतं ते जिवंत धरून, तपासणी असलेल्या कत्तलखान्यात कापलेलं असतं. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तिथल्यांनी आपापलं बघावं.

तुम्ही पहिल्यांदाच करताय तर पोट फाडूच नका. पोट न उघडता चारही फरे आणि कण्यालगतच्या दोन पट्ट्या काढता येतात. आतडी, मूत्राशय, गर्भाशय यांना हात लागत नाही, म्हणजे सगळ्यात धोकादायक भाग टळला. बदल्यात बरगड्या आणि कण्याच्या आतल्या बाजूच्या दोन लहान मऊ पट्ट्या सोडाव्या लागतात. ऐंशी पौंडांच्या डुकराला हा सौदा परवडतो. हाडाविना साधारण पंचवीस पौंड मांस तरीही हाती लागेल.

सामान: सहा इंची पात्याच्या दोन सुऱ्या (एक कातड्यासाठी, एक मांसासाठी, अदलाबदल करायची नाही), धार लावायची कांडी, ताडपत्री, मोज्यांचं अख्खं खोकं, जाड कचरापिशव्या, साबण, पाच गॅलन स्वच्छ पाणी, किचन टॉवेल, मोठा कूलर आणि किमान चाळीस पौंड बर्फ. बर्फ आधी आणून ठेवायचा, डुक्कर पडल्यावर आणायला जायचं नाही.

जनावर मेल्याची खात्री झाल्यावर ते ताडपत्रीवर कुशीवर घ्या. अंगावर चिखलाचा थर असतोच. तो हलक्या धारेने धुऊन निथळू द्या, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत सुरी बोथट होते. पहिला छेद मानेपासून शेपटीपर्यंत, कण्याच्या वरून, फक्त कातड्याला. छोटी चीर पाडून सुरीचं टोक आत घाला आणि धार आकाशाकडे ठेवून आतून बाहेर कापत जा. वरून खाली कापलं तर केस तुटून मांसात शिरतात, आणि मांस खराब होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. कातडं हाताने ओढत, सुरीने फक्त पांढरा पडदा सोडवत पोटाच्या दिशेला उतरवा. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्च्यासारखा जाड थर असतो, त्यात सुरी अडकते. ऐंशी पौंडी जनावरात तो फारसा नसेल.

वरच्या बाजूचं कातडं उतरलं की बाहेरचे मोजे बदला, सुरी बदला.

पुढचा फरा अगदी सोपा. तो शरीराला हाडाने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो. पाय वर उचलून धरा आणि खांद्याच्या चपट्या हाडाखालून सुरी फिरवा, मोकळा होतो. मग कण्यालगतची पट्टी: कण्याला घासून एक उभा छेद, मग बरगड्यांवरून आडवी सुरी चालवत ती कमरेपासून मानेपर्यंत सोलून काढा. मागच्या फऱ्याला सावकाश. जांघेकडून शिरायचं नाही, तिथे वृषण किंवा सड आणि गुदद्वार जवळ असतं. वरच्या बाजूने, कमरेच्या हाडाला धरून कापत खुब्याच्या सांध्यापर्यंत या, पाय मागे दाबा, सांधा उघडतो, मधला पांढरा तंतू कापा. मग जनावर उलटवा आणि दुसऱ्या बाजूला तेच. मानेचं मांस शेवटी, ते खिम्याला उत्तम.

पोटाला सुरी लागून हिरवट पाणी बाहेर आलंच तर ते ज्या मांसाला लागलं ते धूत बसू नका. धुतल्याने घाण पसरते. बोटभर जाडीचा थर सरळ कापून टाका.

गोळीच्या जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस हात राखून न ठेवता काढा. शिशाच्या गोळीचे कण डोळ्यांना न दिसणारे असतात आणि जखमेपासून बरेच लांब उडतात. ते मांस खिम्यात तर मुळीच नको, सगळ्या खिम्यात शिसं मिसळतं. घरात लहान मुलं असतील तर रँचवाल्याला तांब्याची गोळी वापर म्हणून सांगा, किंवा डोक्यातच मार म्हणावं. पिंजऱ्यात असल्यामुळे ते जमतं.

आता एक गोष्ट बारकाईने बघा: चरबीचा रंग. पांढरी किंवा किंचित गुलाबी हवी. निळी दिसली तर सगळं डुक्कर टाकून द्या. २०२४ पासून टेक्सासमध्ये वॉरफरिनचं विषारी खाद्य रानडुकरांसाठी वापरायला परवानगी आहे. त्यात मुद्दाम निळा रंग घातलेला असतो, तो चरबीत उतरतो. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे काउंटीत २०२५ मध्ये अशीच निळ्या मांसाची डुकरं सापडली, तिथे उंदीर-खारींसाठीचं डायफासिनोन होतं. ही रक्त पातळ करणारी विषं शिजवून जात नाहीत. रँचवाल्याला थेट विचारा, तुझ्याकडे किंवा शेजाऱ्याकडे विषारी खाद्य ठेवलंय का? त्याने हो म्हटलं तर रंग दिसो न दिसो, नको.

पू भरलेल्या गाठी, सुजलेले सांधे, नराचं एक वृषण फुगलेलं, दुर्गंधी, किंवा मरण्याआधी जनावर झोकांड्या खात होतं, अशा कुठल्याही परिस्थितीत हात धुऊन घरी यायचं.

ब्राझोसकाठ

हे फार कामाचं आहे. पोट न फाडता काढता येतं हे माहीतच नव्हतं. कूलरमध्ये बर्फाच्या पाण्यात तीन दिवस भिजत ठेवलं की रक्त निघून मांस पांढरं होतं, असं रँचवाला म्हणतो. तसं करू का?

सुरा_ठोकळा

टेक्सासमध्ये पुष्कळ लोक तसं करतात. पण भिजत ठेवण्यापेक्षा निथळत ठेवणं बरं. कूलरच्या तळाशी बर्फ, त्यावर फरे, वर पुन्हा बर्फ. खालची तोटी उघडी आणि कूलर तोटीच्या बाजूला थोडा कलता. वितळलेलं पाणी मांसावरून वाहत बाहेर जातं, रक्तही जातं, आणि मांस स्वतःच्या रक्ताच्या पाण्यात पोहत बसत नाही. साचलेल्या पाण्यात एका फऱ्याची घाण बाकीच्या सगळ्यांना लागते.

मांस लवकरात लवकर ४० फॅरनहाइटच्या (४ सेल्सियस) खाली आलं पाहिजे. ४० ते १४० च्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. तुमच्याकडच्या हवेत गोळी घातल्यापासून तासाभरात पहिला फरा बर्फावर असला पाहिजे, म्हणून दोघं-तिघं जा. मागच्या फऱ्यात हाडाजवळची उष्णता शेवटपर्यंत टिकते आणि मांस तिथूनच आंबायला लागतं. गरम हवेत खुब्यापासून खाली हाडालगत एक उभी चीर पाडून आत बर्फाची पिशवी खोचा.

बर्फावर दोन-तीन दिवस ठेवा, रोज बर्फ वाढवा. मारल्या मारल्या गोठवू नका. आखडलेले स्नायू तसेच गोठतात आणि शिजवल्यावर चामडं होतं.

घरी हाडं काढताना लसीकाग्रंथींच्या गाठी काढायच्या. मागच्या फऱ्यात गुडघ्याच्या वर, मोठ्या स्नायूंच्या मध्ये चरबीची एक गादी असते, तिच्यात राखाडी-तपकिरी, बोराएवढी गाठ दिसेल. पुढच्या फऱ्यात खांद्याच्या पुढच्या कडेला अशीच एक. गाठ चिरायची नाही, आजूबाजूच्या चरबीसकट उचलून टाकायची. इथेही मोजे घालायचे. लोक शेतात काळजी घेतात आणि घरच्या ओट्यावर उघड्या हातांनी बसतात, जिवाणू मात्र तोच असतो.

फळी, सुऱ्या, सिंक आधी गरम पाणी आणि साबणाने घासा, मग एक गॅलन पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून त्याने पुसा आणि हवेवर वाळू द्या. नुसतं ब्लीच ओतून भागत नाही, चरबीच्या थरावर ते काम करत नाही. आणि मटण धुतो तसं हे मांस नळाखाली धुऊ नका. शिंतोडे कोथिंबिरीवर उडतात.

मध्यम_आच

एवढं घाबरवायची गरज आहे का? इथे दुकानातलं पोर्क १४५ फॅरनहाइटला काढायला सरकारच सांगतं. रानडुकराचं मांस आधीच रुक्ष असतं, १६० ला नेलं तर भुसा होतो. महिनाभर उणे तापमानात ठेवून मग गुलाबीसर शिजवलं तर काय बिघडतं?

गोठा_ते_ताट

१४५ फॅरनहाइट (६३ सेल्सियस) आणि तीन मिनिटं विसावा हा नियम पाळीव डुकराच्या अख्ख्या तुकड्यासाठी आहे. ते जनावर बंदिस्त वाढतं, उकिरडा किंवा मेलेले प्राणी खात नाही, तपासणीतून जातं. रानडुक्कर मेलेलं हरीण, उंदीर, दुसरं डुक्कर, सगळं खातं. त्यामुळे त्याच्यासाठी १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस), तुकडा असो की खिमा.

गोठवण्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण हा गैरसमज खूप पसरलेला आहे. सहा इंचांहून पातळ तुकडा ५ फॅरनहाइटला (उणे १५ सेल्सियस) २० दिवस ठेवला तर ट्रायकिनेला मरतो, हा आकडा पाळीव डुकरात सापडणाऱ्या जातीचा आहे. वन्य प्राण्यांत थंडीला दाद न देणाऱ्या जातीही असतात. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाने ४५ दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले. मांस काळसर असल्यामुळे कच्चं राहिलेलं कळलं नाही, आणि सहा जणांना ट्रायकिनोसिस (ट्रायकिनेलाचा आजार) झाला. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. अशा जाती मुख्यतः उत्तरेकडच्या अस्वलांत आढळतात, टेक्सासच्या डुकरांत त्यांची शक्यता कमी. पण ब्रुसेला तर कुठल्याच फ्रीझरला भीक घालत नाही, तो गोठलेल्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो. तेव्हा फ्रीझर साठवणीसाठी आहे, निर्जंतुक करण्यासाठी नाही. मीठ लावणं, वाळवणं, धुरी देणं, व्हिनेगरमध्ये मुरवणं यांवरही भिस्त ठेवू नका.

रंगावर जाऊ नका. सुईचा तापमापक घ्या, पंधरा-वीस डॉलरला मिळतो. बर्फ कुटून भरलेल्या पाण्यात तो ३२ दाखवतो का बघा, मग वापरा. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. मायक्रोवेव्हमध्ये शिजवणं टाळा, मांस एका बाजूला उकळतं आणि दुसऱ्या बाजूला कोमट राहतं.

माडाची_सावली

रुक्षपणाचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उत्तर गुलाबी ठेवणं हे नाही. कण्यालगतची पट्टी सोडली तर हे मांस मंद आणि ओल्या शिजवणीचंच आहे, आणि आपल्या रश्श्याला तेच हवं असतं. खांद्याचं मांस १९०-२०० फॅरनहाइटला गेल्यावर त्यातला चिकट तंतू विरघळतो आणि मगच ते मऊ होतं. १६० ला ते अर्धवट, चिवट अवस्थेत असतं. म्हणजे जे सुरक्षित तेच चवीला चांगलं.

वासाचं सांगते. तो वास अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन द्रव्यांचा, आणि दोन्ही चरबीत साठतात. वयात आलेल्या नरात तो जास्त असतो, मादीत आणि शंभर पौंडांखालच्या जनावरात सहसा जाणवतही नाही. म्हणून रँचवाल्याकडे मादी मागा, पण दूध पाजणारी नको. व्हिनेगर, दूध, दही यांत भिजवून तो जात नाही, कारण हे सगळं पाण्यासारखं वरून फिरतं आणि वास बसलाय चरबीत. उपाय एकच, चरबी आणि पांढरा पडदा दिसेल तिथे काढून टाकणं.

आधी परीक्षा करून घ्या. चरबीचा सुपारीएवढा तुकडा तव्यावर एकटाच टाका, तेल नाही, मसाला नाही. तापू लागला की वास घ्या. लघवीसारखा किंवा गोठ्यासारखा भपकारा आला तर सगळी चरबी काढा आणि फऱ्यांना झणझणीत मसाला लावा. काही आलं नाही तर थोडी चरबी ठेवा, चव वाढते. ही परीक्षा घरातल्या दोघा-तिघांकडून करून घ्या. अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. ज्याला येत नाही त्याने रांधलं तर पाहुणे ताट बाजूला सारतात आणि त्याला कारण कळत नाही.

कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं, एक किलो हाडाविना खांद्याच्या मांसाचं प्रमाण: दीड इंची तुकडे, दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, एक चहाचा चमचा हळद, दोन चहाचे चमचे मीठ, दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा सात-आठ कोकमांचं आगळ. रात्रभर फ्रिजमध्ये, झाकून, सगळ्यात खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी चार मोठे चमचे तेल कडकडीत तापवून तुकडे थोडे थोडे करून लाल परतून घ्या. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि मांस उकडल्यासारखं होतं. मग तीन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण, तीन चमचे कांदा-लसूण मसाला, एक वाटी गरम पाणी. कुकरला मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच बारीक करून पंचवीस मिनिटं. जून नर असेल तर चाळीस. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर मांसातला रस उकळून बाहेर पडतो आणि मग खरंच भुसा होतो.

कुकरच्या आत २४० फॅरनहाइटच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे दीड इंची तुकड्यांची काळजी नको. फक्त गोठलेला गोळा तसाच कुकरमध्ये टाकू नका, मध्यभागी तो थंडच राहतो. मांस फ्रिजमध्ये ताटात ठेवून वितळवायचं, ओट्यावर नाही.

विंदालू उत्तम होतं: दहा-बारा काश्मिरी मिरच्या, पाऊण वाटी व्हिनेगर, बारा लसूण पाकळ्या, दालचिनी, जिरं, मिरी, मोहरी. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. गरम करताना पूर्ण उकळी काढा.

सोरपोतेल (गोव्याकडचं डुकराचं आंबट-तिखट कालवण) मात्र या डुकराचं करू नका. त्यात काळीज आणि काही घरांत रक्तही घालतात, आणि रानडुकराच्या या दोन गोष्टींना मी माझ्या स्वयंपाकघरात जागा देणार नाही. काळजात हिपॅटायटिस ईचा विषाणू असू शकतो आणि तो चिवट असतो, १६० ला नुसतं पोचून भागत नाही, त्या तापमानाला वीसेक मिनिटं टिकवावं लागतं. तेवढं शिजवलेलं काळीज खडूसारखं होतं. सोरपोतेल दुकानातल्या पोर्कचं करा. चोरिस (गोव्याकडचं मसालेदार सॉसेज) ही वाळवत घालू नका. चोरिसचा मसाला लावून ताजा खिमा करा आणि त्याच दिवशी परतून पावाबरोबर खा.

देवगडी

आमच्याकडे सिंधुदुर्गात रानडुकरांनी भाताची आणि नाचणीची वाट लावली आहे. ही पद्धत इथेही वापरता येईल ना? मारायची परवानगी मिळते असं ऐकतो.

सुरा_ठोकळा

नाही, आणि हे ठामपणे सांगतो. भारतात रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. पिकांच्या नुकसानीबद्दल वनविभागाकडून मारायची परवानगी मिळाली तरी मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. ते वनविभागाच्या ताब्यात द्यायचं, मांस वाटून घ्यायचं नाही. पारधीचं मांस घरात सापडलं तरी गुन्हा दाखल होतो. अमेरिकेत डुक्कर मुळात परकं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, पुढे त्यांत युरोपातल्या रानडुकरांचा संकर झाला. म्हणून तिथे ते मारायला मोकळीक आहे. तुम्ही नुकसानीचा पंचनामा करून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा, आणि तोही लगेच. उशीर झाला की पाऊलखुणा आणि उकरलेली जमीन दाखवता येत नाही.

ब्राझोसकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रँचवाल्याशी बोललो. त्याच्याकडे किंवा लगतच्या दोन शेतांत विषारी खाद्य ठेवलेलं नाही. साठ-सत्तर पौंडांची मादी ठेवतो म्हणाला, आणि गोळी डोक्यात. शेवटचं एक: उरलेलं धड, कातडं, मोजे यांचं काय करायचं? आणि फ्रीझरमध्ये किती दिवस टिकेल?

सुरा_ठोकळा

धड आणि कातडं त्याच्याच जमिनीवर, ओढा-विहिरीपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरा. चार फूट तरी खड्डा असू दे. ट्रॅक्टरला खोदायचं फावडं असेल तर खड्डा आधीच करून ठेवायला सांगा. उघड्यावर टाकलं तर कोल्हे आणि दुसरी डुकरं खातात आणि रोग पुन्हा कळपात जातो. मोजे, टॉवेल, ताडपत्री दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात. ते कपडे घरी आल्यावर वेगळे, गरम पाण्यात धुवा. बुटांचे तळवे तिथेच ब्लीचच्या पाण्याने घासा, घरी नेऊन नाही.

फ्रीझर ० फॅरनहाइटला असेल आणि हवा काढून पिशव्या बंद केल्या असतील तर आठ-नऊ महिने चव टिकते, खिमा तीन-चार महिने. चरबी आधी खवट होते, म्हणून चरबीचे तुकडे आधी संपवा. पिशवीवर तारीख, कोणता भाग आणि 'रानडुक्कर, १६०' असं ठळक लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी दुकानातलं पोर्क समजून अर्धवट भाजणार नाही.